वर्डमध्ये प्रकरणे एकत्र केल्यावर शीर्षकांचे क्रमांक बिघडतात

प्रश्न
नमस्कार. प्रबंधाची प्रकरणे मी वर्डच्या स्वतंत्र फाइलींमध्ये टाइप केली होती. ती एका फाइलीत आणल्यापासून तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या उपशीर्षकाला ३.१ ऐवजी २.७ हा क्रमांक येतो. सर्व शीर्षकांना 'हेडिंग १' आणि 'हेडिंग २' याच स्टाइल दिलेल्या आहेत. राइट क्लिक करून क्रमांक नव्याने सुरू केला, तर पुढचे क्रमांक आणखी विस्कटतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर
स्टाइल तीच असली, तरी तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक बहुधा आपल्या जुन्या फाइलीतली वेगळी यादी सोबत घेऊन आले आहे. त्यामुळे उपशीर्षकांच्या यादीला तिसरे प्रकरण सुरू झाल्याचे कळतच नाही आणि ती दुसऱ्याचीच मोजणी पुढे चालू ठेवते. खात्री करण्यासाठी त्या शीर्षकाच्या क्रमांकावर क्लिक करा. एकाच यादीतले क्रमांक एकदम करडे होतात. दुसऱ्या प्रकरणाचा क्रमांक तसा झाला नाही, तर याद्या वेगळ्या आहेत.

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात कर्सर ठेवून 'मल्टिलेव्हल लिस्ट'मधून 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' उघडा आणि 'मोअर' दाबा. 'लिंक लेव्हल टू स्टाइल'मध्ये पहिल्या पातळीला 'हेडिंग १' व दुसरीला 'हेडिंग २' जोडा, आणि दुसऱ्या पातळीची मोजणी पहिल्या पातळीनंतर नव्याने सुरू होते ना, हे पाहा. क्रमांकातला प्रकरणाचा आकडा हाताने टाइप करू नका, तो 'इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम'मधूनच घ्या. एवढे करूनही एखादे शीर्षक हट्टीपणा करत असेल, तर त्यात कर्सर ठेवून कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे परिच्छेदाला थेट लावलेले क्रमांकन निघून जाते आणि स्टाइलचे लागू होते.

आणखी एक उत्तर
यापुढे मजकूर चिकटवताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' हा पर्याय दिसला, तर तोच निवडावा. मूळ स्वरूप राखून चिकटवले की जुन्या याद्या पुन्हा शिरतात. लिब्रेऑफिसमध्ये क्रमांकनाची मांडणी 'टूल्स'मधल्या 'हेडिंग नंबरिंग'मध्ये एकाच ठिकाणी होते, ही मला मोठी सोय वाटते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. तिसऱ्या प्रकरणाचा क्रमांक खरोखरच वेगळ्या यादीतला होता, आता सारे क्रमांक जुळले. परिशिष्टांना 'परिशिष्ट अ' असे स्वतंत्र क्रमांक कसे द्यावेत?

उत्तर
नवी यादी करू नका. याच यादीची सातवी पातळी 'हेडिंग ७'ला जोडून तिला अक्षरी क्रमांक द्या आणि क्रमांकाच्या चौकटीत अक्षराआधी 'परिशिष्ट' हा शब्द लिहा. मात्र अनुक्रमणिकेत, बदल न केल्यास, पहिल्या तीनच पातळ्या येतात, म्हणून तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'हेडिंग ७'समोर १ लिहावा लागेल.