पुन्हा: सर्व्हर रीबूट करू नका, आधी हे वाचा

फोंडा, वेबसमिती:
मंडळाच्या साइटच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलंय, सीपीयू १०० टक्क्यांवर आहे. टीएमपी फोल्डरमधून 'केडेव्हटीएमपीएफएसआय' चाललंय. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) थ्रेडचं नाव चोरलंय, पण खरा थ्रेड पीएसमध्ये (चालू प्रोसेसांच्या यादीत) चौकटी कंसात दिसतो, हा दिसत नाही. मायनरच आहे, म्हणजे आपलं यंत्र चोरून वापरून क्रिप्टोचलन काढणारा प्रोग्राम. होस्टच्या फायरवॉलवरून बाहेरची वाहतूक बंद केली, डिस्कचा स्नॅपशॉट (आहे तशी प्रत) घेतला. नाट्यस्पर्धेचे अर्ज तूर्त सचिवांना ईमेलने पाठवा. प्रश्न एवढाच, कुठल्या बॅकअपवरून उभं करायचं?

मडगाव:
प्रोसेस मारा, क्रॉनची (ठरल्या वेळी ती आपोआप चालवणारी) ओळ काढा, साइट चालू करा. मुदत रविवारी संपते.

फोंडा:
दादा, मारली की परत उठते, कारण 'किन्सिंग' नावाची दुसरी प्रोसेस तिच्यावर राखण ठेवते. दोन्ही मारल्या तरी त्यांना परत चालवणारे सिस्टमडीचे टायमर, ऑथोराइज्ड-कीजमधली (पासवर्डविना आत येऊ देणाऱ्या किल्ल्यांच्या यादीतली) परकी की आणि एलडी-एसओ-प्रीलोड (प्रोग्राम सुरू होताना आधी चढणाऱ्या लायब्ररींची यादी) उरतात. प्रीलोडमध्ये काही घुसवलं असेल तर पीएस आणि एलएस (फाइलींची यादी) आपल्याला दाखवतात त्यावरही विश्वास ठेवता येत नाही. रूट (यंत्राचा पूर्ण ताबा) गेलं असेल तर साफसफाई नाही, नवं यंत्रच.

पणजी:
गेल्या रविवारचा बॅकअप त्याच यंत्रावर माउंट (जोडलेला) होता ना? मग तो संशयितच धरा. अपलोड्समध्ये पीएचपी फाइल (चित्र नव्हे, चालणारा कोड) सापडली तर तिच्या एमटाइमवर (मजकूर शेवटचा बदलल्याच्या वेळेवर) जाऊ नका, टच कमांडने ती हवी तशी मागे नेता येते. स्टॅट कमांडने सीटाइम (फाइलीच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बघा. पण तो टारमधून (बॅकअपच्या गठ्ठ्यातून) काढलेल्या फाइलींवर बघून उपयोग नाही, तिथे काढल्याची वेळ येते. मूळ स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्राला रीड-ओन्ली लावूनच बघा.
कोड बॅकअपमधून घेऊच नका. वर्डप्रेस आणि प्लगिन मूळ ठिकाणाहून ताजे उतरवा. जुन्यातून फक्त डेटाबेस आणि चित्रं. डेटाबेसमध्ये अनोळखी अॅडमिन आहे का, तेही तपासा.

म्हापसा:
सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सहा तासांत कळवा म्हटलंय. कार्यकारिणीला विचारलंय का?

पणजी:
कळवायचंच. मंडळाला ते लागू होतात का यावर सभा नको. डेटाबेसमध्ये वर्गणीदारांचे फोन नंबर आहेत, त्यांनाही सांगायला हवं. वर्गणीच्या पानावरचा क्यूआर कोणी बदललाय का? कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) फोन करावा.

मडगाव:
नवे पासवर्ड ग्रुपवर टाका, म्हणजे आम्हालाही मदत करता येईल.

फोंडा:
ग्रुपवर नाही, दादा. पासवर्ड वेबसमितीकडेच राहू द्या. डेटाबेस, ईमेल, वर्डप्रेसचे सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त ओळी) आणि सगळ्या एसएसएच की नव्या यंत्रावर, स्वच्छ लॅपटॉपवरून बदलणार. जुन्या यंत्रावर आत्ता बदलले तर तेही घुसखोरांच्या हाती पडतील.
क्यूआर स्कॅन केला, यूपीआय आयडी खजिनदारांच्या छापील पावतीवरच्या आयडीशी जुळतो. डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ३०० सेकंदांवर आणलाय. नवं यंत्र चढलं की पत्ता फिरवतो. तोवर अर्ज सचिवांकडेच.