मदत हवी आहे: १९२४ ते २९ मधली जर्मनी खरंच सावरली होती का?

नमस्कार मंडळी, वायमार रिपब्लिकबद्दल (म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची जर्मन लोकशाही) वाचतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय. १९२३ च्या शेवटी रेंटनमार्क हे नवं चलन आलं, महागाई थांबली, मग डॉज प्लॅन (युद्धभरपाईचे हप्ते सुसह्य करणारी योजना), लोकार्नो करार (पश्चिमेकडच्या सीमा मान्य करणारा), १९२६ ला राष्ट्रसंघात प्रवेश, आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं, म्हणजे लोकशाही रुळावर आली असंच वाटतं ना? पण सप्टेंबर १९३० मध्ये त्याच पक्षाच्या १२ च्या थेट १०७ जागा होतात! एवढं सगळं फक्त १९२९ नंतरच्या जागतिक मंदीमुळे झालं हे मला पटत नाही.

कारण ज्यांवर जर्मनी सावरत होती ती अमेरिकन कर्जं बरीचशी अल्प मुदतीची होती, शेतकरी तर मंदीच्या आधीच कर्जात बुडाले होते, राष्ट्राध्यक्षपदी १९२५ पासून हिंडेनबर्ग म्हणजे मनाने राजेशाहीवालाच माणूस, आणि मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर म्यूलरचं आघाडी सरकार पडलं ते बेकारी विम्याच्या हप्त्यात अर्धा टक्का वाढ करायची की नाही यावरून!! हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण त्यानंतर ब्र्यूनिंग चॅन्सेलर झाला आणि कलम ४८ च्या वटहुकूमांवर (म्हणजे संसदेच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाने काढलेल्या) कारभार सुरू झाला.

तर जाणकारांनी प्लीज सांगा, मूळ दुखणं घटनेतच होतं (कलम ४८, मतांच्या प्रमाणात जागा देणारी शुद्ध प्रमाणशीर पद्धत) की पक्षांना तडजोडच नको होती? आणि परराष्ट्रमंत्री श्ट्रेझमान ऑक्टोबर १९२९ मध्ये वारला नसता तर म्यूलरची आघाडी टिकली असती का?