मदत हवी आहे: वॉरंट नव्हतं, घराची झडती झाली, आईची सही कोऱ्या कागदावर

नमस्कार. नागपुरात मानेवाड्याला आमचं माहेरचं घर. आई (वय ६८) आणि धाकटा भाऊ राहतात. सोमवारी रात्री साडेदहाला चार पोलीस आले. "पोरगा कुठे आहे?" भाऊ मुलाखतीसाठी पुण्याला गेलाय, आईने तसं सांगितलं. तरी आत शिरले. कपाट उघडलं, दिवाण उचलला, गव्हाची कोठी वर्तमानपत्रावर रिकामी केली. जाताना भावाचा जुना मोबाईल आणि बँकेचं पासबुक घेऊन गेले. शेजारचं कुणी बोलावलं नाही, यादी दिली नाही. एका कोऱ्या कागदावर आईची सही तेवढी घेतली.

मंगळवारी सकाळी मी पोचले तेव्हा ती खाली बसून तेच गहू पाखडत होती. मला म्हणाली, "सही करायला नको होती का गं?" तेव्हापासून तिला झोप नाही.

ठाण्यात विचारलं तर "साहेब नाहीत" एवढंच उत्तर. वॉरंटशिवाय, तेही रात्री, असं घरात येता येतं का? आणि त्या सहीचं काय करू? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी इथे फौजदारी वकिली करतो. आधी आईंना सांगा, त्यांची काही चूक नाही.

वॉरंटशिवाय येता येतं, पण अटी आहेत. माणूस पकडायचा असेल तर तो आत आहे असं मानायला कारण हवं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, कलम ४४; पुढची कलमंही त्यातलीच). वस्तू शोधायची असेल तर कलम १८५ लागतं. तपास अधिकाऱ्याने कोणती वस्तू हवी आणि वॉरंट आणेपर्यंत का थांबता येत नाही, हे केस डायरीत आधी लिहायचं असतं. त्याची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. तुमच्या प्रकरणात ती मुदत बुधवारी रात्रीच संपली. ही नक्कल आईंना कोर्टाकडून अर्ज केल्यावर मोफत मिळते. तो अर्ज नक्की करा, खरं काय झालं ते तिथे कळेल.

रात्रीची वेळ म्हणून झडती बेकायदा होत नाही. सूर्यास्तानंतरची मनाई आहे ती महिलेच्या अटकेला, दोन्हींची लोक नेहमी गल्लत करतात.

तुमची बाजू भक्कम आहे ती पंचांवर. कलम १०३ प्रमाणे वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांच्या सहीची जप्तीची यादी हवी आणि तिची प्रत घरच्यांना द्यायलाच हवी. १ जुलै २०२४ पासून कलम १०५ मुळे झडतीचं आणि यादी करण्याचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. आईंना विचारा, कुणी मोबाईल धरून शूटिंग करत होतं का?

कोऱ्या सहीचं आजच करा. तारीख, वेळ, नेलेल्या वस्तू, "मजकूर नसलेल्या कागदावर सही घेतली" असं स्पष्ट लिहून ठाणेदार आणि पोलीस उपायुक्त दोघांना अर्ज द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. उद्या त्या कागदावर पंचनामा उगवला तर हा अर्जच आईंच्या बाजूने बोलेल. मोबाईल कलम ५०३ खाली सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवण्याची लेखी हमी देऊन, कोर्टाकडे परत मागता येतो.

एक मात्र खरं सांगतो. झडतीत त्रुटी निघाली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरणमल खटल्यात तसं म्हटलंय. म्हणून भावासाठी वेगळा वकील बघाच. आईंना महिला म्हणून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आईला विचारलं. कुणीच शूटिंग करत नव्हतं, आणि टॉर्च लावून कोठीत बघणारा म्हणाला होता, "मावशी, बसा तुम्ही, दोन मिनिटांचं काम." अर्ज आईच्याच शब्दांत लिहून झालाय. उद्या अकराला तिला घेऊन सिव्हिल लाइन्सला जातेय. मानेवाडा, हुडकेश्वरकडचं कुणी सोबत येऊ शकेल का?