आरोग्यशिक्षण शिकून पुढे काय?

ताई, गृहविज्ञानात बीएस्सी झालेल्या लेकीने आरोग्यशिक्षणाकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंत. त्यावर एकांनी 'नर्सिंग केलं तरच नोकरी' असं लिहिलंय. मला ते पटत नाही.

कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत आणि तमिळनाडूतल्या गांधीग्रामला या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करता येतं. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा.

शाळेतच जायचं असेल तर बीएडही करावं लागेल, कारण आपल्याकडे आरोग्यशिक्षक असं वेगळं पद शाळांत सहसा नसतं. 2020 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमातही शाळेतल्याच दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत करतात.

वस्तीत, गावात काम करायची ओढ असेल तर तिला आधी जामखेड दाखवा. 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. त्यातल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं! जुलाब होणाऱ्या बाळाचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, हे आजीसासूच्या मताविरुद्ध एखाद्या सुनेला पटवणं फार अवघड असतं. भिंतीवरच्या पोस्टरने ते होत नाही. शेजारची, ओळखीची बाई चुलीपाशी बसून बोलली तर होतं. तुमच्या लेकीला असं बसून ऐकून घ्यायला आवडतं का? डिप्लोमा की एमपीएच, हे त्यानंतर ठरवा.