रीमॅप स्टॉकमध्ये आणि कॉइलओव्हर मॉडिफाइडमध्ये?

वेर्णा_स्विफ्ट: चवथ झाली की आमचा ग्रुप कोईम्बतूरचा कारी ट्रॅक दिवसभर भाड्याने घेतो. गोव्यात ट्रॅक नाही, मग गाड्या ट्रेलरवर चढवायच्या आणि घाट धरायचा. टाइम अटॅक, म्हणजे कमीत कमी वेळात एक फेरी (लॅप) मारायची, जिंकला त्याला कप. पैशाबियशाचा संबंध नाही, तरी भांडणं ठरलेली.

वर्ग दोनच, स्टॉक (कंपनीची गाडी जशीच्या तशी) आणि मॉडिफाइड (बदल केलेली). माझ्या 2012 च्या स्विफ्टला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) आणि पुढे बरे ब्रेक पॅड आहेत. इंजिन शोरूममधून आलं तसंच, जेमतेम 85 बीएचपी. मी मॉडिफाइड. शेजारी पोलो 1.2 टीएसआय, बॉनेट उघडलं तर सगळं कंपनीचं, फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप बदललेला (रीमॅप), त्यामुळे ताकद वाढलेली. तो स्टॉक, कारण डोळ्यांना काही दिसत नाही! यंदा नियम लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. कसे लिहू?

म्हापशाचा_मेस्त्री: पार्टांची यादी करू नकोस. यादी आली की लोक यादीत नसलेलं शोधून काढतात. अमेरिकेत नासा नावाची हौशी रेसिंगची संस्था आहे (चंद्रावर जाते ती नव्हे). त्यांच्याकडे टाइम ट्रायलला एकेका बदलाचे गुण मोजायचे. पुढे तेही वजन आणि ताकदीच्या हिशोबावर आले.

तुझी गाडी ड्रायव्हरसकट 1040 किलो धर. भागिले 85, म्हणजे एका बीएचपीमागे 12.2 किलो. पोलो 1185 च्या आसपास, कंपनीच्या 104 बीएचपीवर 11.4. इथवर दोघे एका वर्गात शोभतात. मॅप टाकून 130 झाले की 9.1. मग बॉनेटखाली कितीही चकाचक असू दे, तो तुझ्या वर्गातला नाही.

टायरचं मात्र वेगळं बघावं लागेल. कारी 2.1 किलोमीटरचा, वळणांचा. तिथे ताकदीपेक्षा पकड जास्त कमावते. चेन्नईच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर हाच हिशोब फिरेल. टायरच्या बाजूला ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा असतो; जितका कमी तितका टायर चिकट. 200 किंवा वर असेल तर रोड टायर, खाली असेल तर गाडी एक वर्ग वर. हा आकडा टायर कंपनी स्वतःच देते, त्यामुळे काही 200 वाले भलतेच चिकट निघतात. पण वाकून वाचता येतो, आणि पिटमध्ये उन्हात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं. कॉइलओव्हरला मी काहीच दंड लावणार नाही.

फोंडा_टीएसआय: ती पोलो माझी. लपवलं काहीच नाही, कोणी विचारलंच नव्हतं. पण मेस्त्री, 130 मोजणार कोण? डायनो (ताकद मोजायचं मशीन) चाकांवरची ताकद दाखवतो, कंपनी इंजिनची सांगते. शिवाय मॅप आता फोनवरून बदलतो. डायनोवर साधा, ट्रॅकवर तिखट. त्यापेक्षा एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) करते तसं टर्बो पेट्रोलची सीसी 1.7 ने गुणा. माझ्या 1197 च्या 2035 होतात. टाका मला वर.

म्हापशाचा_मेस्त्री: मग मॅप न टाकलेल्या टर्बोवाल्याने काय पाप केलं? पुढच्या वर्षी तोही टाकून येईल. डायनो नकोच. गाडीत वेग नोंदवणारा जीपीएस लॉगर ठेव. वजन ठाऊक असलं की सरळ रस्त्यावर वेग किती झपाट्याने चढला त्यावरून ताकद निघते. आणि तपासायचा तो जिंकलेलाच लॅप. कप हवा असेल तर त्या लॅपला तिखट मॅप लागणारच ना!

डिचोली_डिझेल: वजनाला आमच्याकडे या, मायनिंगच्या ट्रकांचे काटे आहेत. फक्त ते 10-20 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, आणि 40 लिटर पेट्रोल म्हणजे 30 किलो. टाकी किती भरलेली ते आधी ठरवा, नाहीतर तिथेच दुसरं भांडण.

वेर्णा_स्विफ्ट: मग असं लिहितो. 11 किलोच्या वर पहिला वर्ग, 9 ते 11 दुसरा, 9 च्या खाली तिसरा. अर्धी टाकी, ड्रायव्हर आत बसलेला. 200 खालचा टायर असेल तर एक वर्ग वर. पहिल्या तिघांच्या गाडीत लॉगर.

फोंडा_टीएसआय: दुसरा वर्ग मान्य. पण मी परवाच सेमी-स्लिक (200 खालचे चिकट टायर) मागवलेत, त्यांचं काय?

म्हापशाचा_मेस्त्री: तिसरा.