रेंज गेली की तुमचं नक्की काय अडतं? अनुभव लिहा

वाडीकर
काल पावसाने लाइट गेली, मागोमाग टॉवर. लेक "आता मी काय करू?" म्हणत घरभर फिरायला लागला आणि मला निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे. कौलांचं तर विचारूच नका. पण जिवाला घोर लागला तो कोणाला काही कळवता येईना याचा. विजेचे खांब पडलेले, फोन मुके. त्यात लॉकडाऊन. थोरला भाऊ डोंबिवलीत, टीव्हीवर आमचाच तालुका बघतोय आणि फोन लागत नाहीये.

कोणीतरी म्हणालं, घाटात वरच्या वळणावर एक कांडी येते. गेलो तर तिथे आधीच जत्रा! सगळे हात वर करून उभे. गाडीच्या बॅटरीवर जेमतेम चार्ज केलेला फोन. भावाला म्हटलं, "माणसं बरी आहेत, वाडी गेली." पुढचं ऐकायला न थांबता फोन शेजारच्या काकूंच्या हातात दिला, त्यांचा मुलगा पुण्याला.

एटीएमही बंदच. वाण्याने वहीवर माल दिला म्हणून चूल पेटली. तुमचं सांगा. रील्स सोडून हं!

न्यूजर्सीकर
वाडीकर, आम्ही त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो. आईबाबा मुरुडला. कोणीतरी बातम्यांची क्लिप पाठवली, त्यात आमच्या आळीतलं देऊळ ओझरतं दिसलं. ती थांबवून थांबवून नवरा देवळामागे आमचं छप्पर शोधत होता. निळं प्लास्टिक दिसलं तर म्हणे, "टाकलंय म्हणजे टाकणारा धडधाकट आहे." बाबांचा फोन नंतर आला. पहिलं वाक्य, "तिकडे कोरोना कसा आहे?"

चहाबाज
आमचं दुःख छोटं. चहा, क्रीमरोल, परत चहा. मग स्कॅन केलं तर चक्र फिरतंय ते फिरतंयच. टपरीवाला म्हणाला, "उद्या द्या." मी परगावचा! शेवटी मागच्या माणसाने दिले.

रिकामटेकडी
@चहाबाज परत चहा कशाला घेतलात पण 😂

चहाबाज
क्रीमरोल उरला होता.

निवृत्त_तारमास्तर
तुम्ही मंडळी रेंजचं सांगताय. आम्ही ट्रंक कॉल बुक करून दिवसभर फोनपाशी बसलेली माणसं. पुढे एसटीडी आलं तर रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून बूथवर तेव्हाच रांग. आणि तार! दारात तारवाला दिसला की आधी रडारड, वाचणं नंतर. एकदा मजकूर निघाला 'मुलगा झाला', तोवर आजीने पदर डोळ्याला लावलेला. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट आलं तेव्हा आमच्या ऑफिसात कोणाला काही वाटलं नव्हतं. मोडेमच्या किंकाळ्या ऐकून शिपाई म्हणाला, "साहेब, फोन बिघडला."

माहेरवाशीण
वाडीकर, सुपारी परत लावलीत का? आमच्या मामांनी सोडूनच दिली.

वाडीकर
लावली हो. आपली रोठा जातच. पण सुपारीला धरायला पाच-सहा वर्षं लागतात, आत्ता कुठे शिपुट, म्हणजे सुपारीचा घड, दिसायला लागलंय. मधल्या काळात केळी आणि देवाची कृपा.

कोरडवाहू
इथे वादळबिदळ लागत नाही, एरवीच बोंब. रेशनला अंगठा लावायचा तर मशीनला नेटवर्क हवं. दुकानदार मशीन घेऊन पारावर येतो, मागे आम्ही पिशव्या घेऊन. म्हाताऱ्यांचा अंगठा आधीच झिजलेला, त्यात नेट नाही. ई-पीक पाहणीचं, म्हणजे पिकाची मोबाइलवरून सरकारी नोंद करायची त्याचं, त्यातल्या त्यात बरं, शेतात फोटो काढून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा. तरी बांधावर उभं राहून फोटो, आणि रेंज मंदिराच्या गच्चीवर. पुजारी वैतागलाय. रील्सवाल्यांचं काय अडतं ते त्यांनाच माहीत, आमचे गहू अडतात.

माहेरवाशीण
@कोरडवाहू हे भयंकर आहे. आमच्या कामवाल्या मावशींचाही अंगठा लागत नाही, भांडी घासून रेषाच गेल्या.

कोरडवाहू
आई आदल्या रात्री खोबरेल लावून झोपते. कधी लागतो, कधी नाही.

रिकामटेकडी
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, पळते. पण सांगा, किती जणांना नवऱ्याचा नंबर पाठ आहे? मला माहेरचा लँडलाइन पाठ आहे, तो कधीच बंद झाला. यांचा नाही.

न्यूजर्सीकर
मलाही नाही. शाळेतल्या मैत्रिणीचा अजून येतो, सहा आकडी.

चहाबाज
बायकोचा पाठ आहे. मिस्ड कॉलच इतके येतात.