मासळीच्या गाडीला जास्तीचा भोंगा बसवायचाय, वायरिंगसाठी मदत हवी आहे

पाखाडीवरचा मासळीवाला

नमस्कार मंडळी. गाडी 100 सीसीची, जुनी, किकवर चालणारी. मागे क्रेट बांधून हर्णैच्या लिलावातली मासळी घेतो आणि आसूद, मुरुड, कर्दे, लाडघर असा फिरतो. अडचण अशी की आमचं गिऱ्हाईक रस्त्यावर नसतं. घर खाली वाडीत, माडा-पोफळींच्या आड, आणि उतरायला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. मी वर गडग्याशी गाडी उभी करून हॉर्न देतो. तो खाली पोचेपर्यंत माझा कुठला, गॅसवाल्याचा कुठला आणि नुसत्या जाणाऱ्या-येणाऱ्याचा कुठला, काही कळत नाही. त्यात हल्ली आणखी एक मासळीवाला याच वाटेने फिरतो, गाडी डिट्टो माझ्यासारखी. काकू टोप घेऊन वर येतात तेव्हा समोर जो उभा असेल त्याची बोहनी.

म्हणून वेगळा आवाज हवाय. भाच्याने मुंबईहून एक हॉर्न आणून दिला. छोटा कॉम्प्रेसर, लाल प्लास्टिकचा एक कर्णा, मध्ये बोटभर नळी. आवाज थेट लाँचच्या भोंग्याचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून वाजवला तर आळीतली सगळी कुत्री गोळा झाली. पंपावर 12 व्होल्ट, 15 अँपिअर छापलंय. वायरिंगचा कागद नाही, रिलेही (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही.

नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, जुना हॉर्न काढून त्याच्याच वायरींना हा जोडून टाक. मला ते पटत नाही. एक तर जुना हॉर्न रस्त्यासाठी तसाच ठेवायचाय, आणि त्या वायरी शेवयांएवढ्या बारीक आहेत.

तर विचारायचं ते असं. वेगळं बटण द्यायचं तर रिलेच्या 30, 85, 86, 87 या पायांना काय काय जोडायचं? बॅटरी फक्त 4 अँपिअर-अवरची आहे. हेडलाइट थेट मॅग्नेटवर (इंजिनबरोबर फिरून वीज करणारा भाग) चालतो, पण इंडिकेटर आणि हॉर्न बॅटरीवर. तिला हे ओझं झेपेल का? शिवाय क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी साइड कव्हरमधून बॅटरीवर ठिबकतं, प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी सारखी जमते. त्याचं काय करू? फोटो टाकतो म्हटलं तर इथे रेंज नाही.

खाडीकाठचा वायरमन

दादा, मेकॅनिकचं ऐकलं नाहीत ते बरं केलंत. अशा गाड्यांचा मेन फ्यूज सहसा 7 ते 10 अँपिअरचा असतो. 15 अँपिअरचा पंप त्याच वायरिंगवर टाकला की पहिल्याच भोंग्याला फ्यूज जाणार. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालून देतो आणि पुढच्या पावसात वायरिंग जळतं. त्याआधी बटणाचे पॉइंट काळे पडतात ते वेगळंच.

आता बॅटरी. दोन सेकंदांचा एक भोंगा धरा, 15 अँपिअरने. असे साठ भोंगे म्हणजे अर्धा अँपिअर-अवर, तुमच्या बॅटरीचा आठवा भाग. हिशोबाने हे काही फार नाही. पण एवढ्याशा बॅटरीतून एकदम 15 अँपिअर ओढले की व्होल्टेज धाडकन खाली येतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जो लाँचसारखा वाजला तो तुमच्या गाडीवर घसा बसल्यासारखा वाजेल, त्यात बॅटरी दोन पावसाळे खाल्लेली असेल तर विचारूच नका. आणि तुम्ही वाजवणार कधी? गाडी उभी, इंजिन बंद नाहीतर आयडलवर. त्या वेळी चार्जिंग नसतंच किंवा नावाला असतं.

थोडक्यात, जोडता येईल, पण मी जोडणार नाही.

मालवणी झील

रे बाबा, कित्याक इतक्या वायरींच्या मागे लागतंस? रबरी भोंगो घे, हँडलाक बांध आणि दाब. रिले नाय, फ्यूज नाय, बॅटरी नाय. गोव्यात पोदेर सायकलीवर पाव घेवन येता तो तोच वाजयत येता, अख्खो वाडो भायर पडता.

पाखाडीवरचा मासळीवाला

भाऊ, पोदेर दारापर्यंत जातो. माझं गिऱ्हाईक पाखाडीच्या तळाशी. पावसात पत्र्यावर धार लागलेली असताना रबरी भोंगा पहिल्या वळणाच्या पुढे जात नाही.

नियमवाले काका

वायरिंगचं वायरमन सांगतील, मी एक अप्रिय गोष्ट सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 119. एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला चालत नाही, आणि अवाजवी कर्कश, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारं दुसरं कुठलंही साधन चालत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना. तुमचा लाँचचा भोंगा एकसुरी असला तरी आळीतली कुत्री गोळा करतो, म्हणजे दुसऱ्या भागात आलाच. शिवाय 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 194 एफ आलं: गरज नसताना किंवा सतत हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा 1000 आणि पुढच्या वेळी 2000 रुपये दंड. धंद्यासाठी वाजवलेला हॉर्न सुरक्षेसाठी होता हे हवालदाराला पटवणं कठीण, तेव्हा जपून. शाळा-दवाखान्याजवळच्या शांतता क्षेत्रात वाजवायचाच नाही, आणि वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंतही नाही.

पाखाडीवरचा मासळीवाला

काका, सहाच्या आत आमच्याकडे टोप घेऊन कोणी येत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. बाकीचं मान्य. मग आवाज वेगळा पण कायद्यात बसणारा, असं काही आहे का?

खाडीकाठचा वायरमन

आहे. चारचाकीत दोन हॉर्नची जोडी असते, एक बारीक सुराचा आणि एक जाड सुराचा. त्यातला फक्त जाड सुराचा घ्या, गोगलगाईच्या आकाराचा येतो तो. एकच सूर, चार-पाच अँपिअरचं काम, 4 अँपिअर-अवरची बॅटरी तेवढं सहज देते. झाडीतून बारीक आवाजापेक्षा जाड आवाज लांब जातो, त्यामुळे पोफळीच्या वाडीत तुमचं काम होईल. गाडीच्या मूळ हॉर्नचा सूर बारीक, हा भारदस्त, दोन दिवसांत काकूंच्या कानांना सवय होईल. वाजवायचा मात्र एकदाच, मोजून.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वायर आधी 10 अँपिअरच्या फ्यूजमध्ये. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, नाहीतर फ्यूजच्या अलीकडे वायर घासून बॉडीला लागली तर त्याचा उपयोग शून्य. तिथून रिलेच्या 30 ला. 87 वरून नव्या हॉर्नच्या एका टोकाला, दुसरं टोक मायनसला. 86 ला किल्ली लावल्यावरच जिवंत होणारी वायर, आणि 85 वरून नव्या बटणात, बटणातून मायनसला. बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरच्याही आत, त्यामुळे साधं बटण वर्षानुवर्षं टिकतं. 86 थेट बॅटरीवर टाकू नका. गाडी लिलावाला उभी असताना पोरं बटण दाबत बसतील.

दुकानात पाच पायांचा रिले मिळाला तर 87ए लिहिलेल्या पायाला काही जोडू नका. त्याच्यावर हॉर्न गेला तर बटण न दाबताच वाजत राहील आणि दाबल्यावर बंद होईल.

हॉर्नच्या वायरी 1.5 स्क्वेअर एमएमच्या. मायनस चेसिसवर घेऊ नका, आपल्या हवेत रंगाखाली गंज असतोच, सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा. सांध्यांना काळी चिकटपट्टी नको, उन्हात ती पाघळते आणि खारं पाणी आत धरून ठेवते. हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. रिले पाय खाली करून लावा. हॉर्न पुढे, तोंड खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी साठणार नाही.

टर्मिनलचं काम मात्र या सगळ्याच्या आधी. मायनस आधी सोडा, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने भुकटी घासा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. क्रेटखाली कडा दुमडलेला पत्र्याचा ट्रे ठेवून त्याची नळी नंबरप्लेटच्या मागे सोडा. हे केलं नाही तर नवा हॉर्न काय आणि जुना काय, गणपतीच्या आत दोन्ही मुके.

पाखाडीवरचा मासळीवाला

दादा, खूप उपकार. ट्रे आजच सांगतो करायला. एकच राहिलं, 86 साठी किल्लीवरची वायर कुठली घेऊ? हेडलाइटचं डोकं उघडायची इच्छा नाही, आत सगळा गुंता आहे.

नियमवाले काका

आणि त्या लाँचच्या भोंग्याचं काय करणार? एखाद्या होडीवाल्याला देऊन टाका. समुद्रात आवाजाचं साधन जवळ बाळगावंच लागतं.

खाडीकाठचा वायरमन

डोकं उघडू नका. मागच्या ब्रेकच्या लाइट-स्विचला दोन वायरी येतात. किल्ली लावा, ब्रेकला हात-पाय लावू नका, आणि टेस्ट लॅम्पची एक पिन बॅटरीच्या मायनसवर धरून दोन्ही वायरी बघा. ज्यावर दिवा लागेल आणि किल्ली काढल्यावर विझेल ती तुमची. बॅटरीपासून जवळच आहे, वायरही कमी लागेल.